काळा भुसा

मधलीवाडी, पूर्णगड
माघ वद्य पंचमी, शके १८५४

तीर्थरूप काशीरामदादास,

साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. प्रत्यक्षात वाकलेलो नाही.

तुला पत्र घालायचं नाही असंच ठरवलं होतं. पण आई रोज सकाळी तुळईखाली बसून विचारते, "काशीला कळवलास का रं?" आणि मथुरावहिनी चुलीपुढून मान वर न करता ऐकत असतात. तेव्हा कळवतो. घरात सगळे जिवंत आहेत. मेली आहे ती तुळई.

पौषात तू निघून गेलास तेव्हा ती नुसती वाकलेली होती. आता वाळवीने आतून खाल्ली आहे, बोट घातलं तर जातं. मी मधोमध बांबूचा टेकू दिला आहे. आईचं अंथरूण पडवीत नेलं, तर म्हणते, माझ्या घरात मी पाहुण्यासारखी पडवीत निजणार नाही, आणि पुन्हा टेकूच्या बुडाशी जाऊन पडते. पावसात कौलं भिजून जड झाली की हे छप्पर बसणार. तुला हे मी सांगायला नको. "नवी तुळई घालू" म्हणत मार्गशीर्षात फणसाला पहिला घाव तूच घातलास.

तो फणस मागच्या अंगणात कापायच्या उंच घोडीवर तसाच आहे. पहिल्या अंगाची फाक अर्धी कापून तू करवत सोडलीस, ती चीर तशीच, चिरेतली पाचर तशीच. टोकं तडकू नयेत म्हणून मी शेणमाती लिंपतो. वाळून पडली की पुन्हा लिंपतो. एवढी सेवा एखाद्या देवाची केली असती तर एव्हाना तो पावला असता.

आता मुद्द्याचं. करवत धरणारे गावात आहेत. पण रीत तुला माहीत आहे. कावेत बुडवलेलं सूत ओढून जोडीने लाकडावर रेघ मारली की ती रेघ त्या जोडीची. जोडी फुटली तर जाणाऱ्याने राहणाऱ्याच्या हातावर अख्खी सुपारी ठेवायची, मगच तिसऱ्याने त्या रेघेला हात लावायचा. नाहीतर ते लाकूड कापणाऱ्याच्याच घरावर पडतं म्हणतात. मी हे मानत नाही. पण मी एकट्याने न मानून भागत नाही, करवतीला मुठी दोन असतात, एक लाकडावर उभ्याने धरायची, एक खालच्याने.

करवत धरणाऱ्यांतल्या बाळाला विचारलं. तो म्हणाला, "काशीरामाची सुपारी दाव, मी आत्ता येतंय. पन खाली तू नको हां धाकू. तुजा हात वाकडा जातो म्हन्तात."

कोण म्हणतात ते मला ठाऊक आहे. आगबोटीवर जायच्या आधी बंदरावर उभा राहून तू साऱ्या गावाला ऐकवलंस, की धाकूने खालून वाकडं ओढलं म्हणून बापसाच्या करवतीचे दात गेले. तू बोटीत बसून गेलास, तुझं बोलणं इथेच उतरलं. तेव्हापासून मला कोणी कामाला बोलावत नाही. दोन हात धड असून मी घरात बसून झावळ्या विणतो.

खरं काय झालं ते तू विसरला असशील, म्हणून लिहितो. तू वर होतास, रेघ बघत. मी खाली होतो, भुसा खात. फणसाचा भुसा हळदीसारखा पिवळा असतो. त्या दिवशी तो काळा यायला लागला. मी ओरडलो, "दादा, थांब, भुसा काळा येतोय. आत लोखंड हाय." तू काय म्हणालास? "खालच्यानं वडायचं, बोलायचं नाय." आणि करवत दाबलीस. खाडकन आवाज झाला, दात उडाले, पातं रेघ सोडून बाजूला पळालं. मग तू खाली उतरलास आणि आई आणि वहिनींच्या देखत माझ्या कानाखाली मारलीस. हे बंदरावर सांगितलंस का?

सुपारी पाठव. मुंबईत सुपारीचा दुष्काळ पडल्याचं ऐकलेलं नाही.

तुझा वाकड्या हाताचा भाऊ,
धाकू


फाल्गुन वद्य तृतीया

दादास,

तुझं कार्ड मिळालं. मला मिळायच्या आधी ते पोस्टमनने वाचलं, वाण्याच्या दुकानात वाचलं, शाळेच्या मास्तरांनी वाचलं. मी घरी पोचेपर्यंत आईलासुद्धा तोंडपाठ झालं होतं. पाकिटात घालून पाठवायचं तुला सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. सुचलं म्हणूनच कार्ड घेतलंस.

"हात वाकडा गेला असे स्वहस्ते कबूल करून लिहावे, म्हणजे सुपारी धाडू." वा! न्यायाधीशच झालास. मी कबुली लिहून द्यायची, तू ती तुझ्या मुंबईच्या लाकडाच्या वखारीत चार गाववाल्यांना दाखवायची, आणि मग मला माझ्याच घराची तुळई कापायची परवानगी मिळणार.

पुढे म्हणतोस, परड्यातला फणस, बापसाने आठळी लावून वाढवलेला, त्यात लोखंड कुठून येणार? मला काय माहीत कुठून येणार! मी खाली उभा राहून भुसा बघितला. तू वर उभा राहून माझं ऐकलं नाहीस. आत काय आहे ते फाक सुटल्याशिवाय दिसणार नाही, फाक सुटायला सुपारी पाहिजे, आणि सुपारी तुझ्या मुठीत. मला तर वाटतं, तुलाही आता थोडी शंका आहे. म्हणूनच मूठ इतकी घट्ट आवळली आहेस.

तुझ्या वखारीत यंत्राची करवत आहे, ती वाफेवर चालते, "तिला खालच्या माणसाची गरजच नाही", हेही कार्डावर मावलं. वाचून आनंद झाला. तुला अशीच करवत हवी होती. भुसा काळा आला तरी ती थांब म्हणणार नाही.

वहिनींसाठी मात्र कार्डावर जागा उरली नाही. त्यांनी मला विचारलं, "आनि माज्यासाटी काय लिवलेत?" मी म्हटलं, कार्ड लहान होतं. शिमग्याला त्यांनी तुझ्या नावाने पोळी बाजूला काढून ठेवली होती. ती संध्याकाळी गाईला घातली.

मी कबुली लिहिणार नाही. छप्पर माझ्या डोक्यावर पडलं तरी नाही. आईच्या डोक्यावर पडेल त्याचं काय, असं तू म्हणशील. तोच प्रश्न मी तुला विचारतो.

धाकू


चैत्र वद्य दशमी, शके १८५५

दादास,

तुझ्या वखारीतला सदू लग्नाला गावी आला, त्याच्या हाती तू पुडी पाठवलीस. आईने ती देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि मग उघडली.

आत कातरलेली सुपारी.

विडा करून खायची सुपारी! आई बराच वेळ ते तुकडे तळहातावर घेऊन बसली होती. म्हणाली, "येताना वाटेत फुटली असंल रं." अडकित्त्याने फुटते तशी वाटेत सुपारी फुटत नाही, हे आईला कळतं. तरी म्हणाली.

मी तुकडे घेऊन गंगारामतात्यांकडे गेलो. आता त्यांना करवत झेपत नाही, पण रीतभात अजून त्यांनाच विचारतात. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाले, "सुपारी चांगली हाय. मानूस बरा नाय."

माझ्याकडून तुला शेवटचं पत्र.

धाकू


वैशाख वद्य षष्ठी

दादास,

शेवटचं पत्र म्हटलं होतं. हे त्याच्या पुढचं आहे. तुला कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि ती चैन तुझ्यापायी मी का सोडू?

गेल्या आठवड्यात टेकू सरकला. आई दळण घेऊन नुकतीच उठली होती म्हणून वाचली, कौलं जात्यावर पडली. मी मोडकी कौलं गोळा करत होतो, आई जात्यातला चुरा झाडत होती. वहिनी दारात उभ्या होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "भावजी, चला तात्यांकडं."

तात्या ओसरीवर बसले होते. वहिनींनी पदर सारखा केला आणि उभ्यानेच विचारलं, "तात्यानूं, घरात पूजा असली म्हंजे हे पाटावर बसतात आनि मी निसता ह्यांच्या हाताला हात लावतंय. तरी पूजा माजी पन होते ना?"

"होते की."

"मंग माजा हात करवतीला लागला तर ह्यांचा लागला का नाय?"

दादा, म्हातारा आधी हसला. मग हसायचा थांबला. तंबाखू चोळता चोळता पार भुगा करून टाकला त्याने. शेवटी म्हणाला, "बायको म्हंजे नवऱ्याचाच हात. हाताला सुपारी कशाला लागते?" मग मला म्हणाला, "पन ह्या बायला खाली घालू नको हां. वडायला जोर लागतो. वर घाल."

वर म्हणजे तुझ्या जागी.

बातमी आमच्याआधी घरी पोचली. सकाळी कुंपणाला माणसं लोंबकळत होती. भावजय दिराच्या डोक्यावर उभी राहणार, मग काय, जत्राच. बाळा आला होता, नुसता बघायला. वहिनींनी कासोटा घट्ट केला आणि लाकडावर चढल्या. कोणीतरी म्हणालं, "रेघ जमंल काय गो?" वहिनींनी तिकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "सारवताना हात सरळ जातो, मंग हतं का जायचा नाय?" आई खोबरेल तेलाचं फडकं घेऊन घोडीपाशी बसली. राहिलेल्या दातांना मी कानस मारून ठेवली होती.

तू जिथे अडकलास तिथून सुरुवात केली नाही. लाकूड फिरवून घेतलं आणि दुसऱ्या टोकाकडून आलो, तुझ्याच रेघेवर. सुरुवातीला करवत नाचली. मी काही बोललो नाही. तू मला पहिल्या दिवशी शिव्या घातल्या होत्यास, त्याचा उपयोग झाला नव्हता हे मला आठवत होतं. थोड्या वेळाने त्यांना उचलण्याचा ठेका सापडला. बापूस म्हणायचा तसं झालं, करवत श्वास घेतल्यासारखी वरखाली व्हायला लागली. वरून रेघ तसूभर हलली नाही, दादा. तुझी हलायची. तेव्हा मी कधी कोणाला सांगितलं नाही.

दुपार कलली. भुसा पिवळा होता, अंगभर हळद लावल्यासारखा मी झालो होतो. मग तो मळकट झाला. मग काळा.

मी म्हटलं, "वहिनी, थांबा."

त्या थांबल्या.

एवढंच झालं. करवत होती तिथे थांबली. का, कशाला, काही नाही. वरून फक्त वहिनींचा दम लागल्याचा आवाज येत होता. मी खाली मूठ धरून उभा होतो आणि मला रडू आलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही. इतकी वर्षं मी तुझ्या खाली उभा राहिलो, माझ्या शब्दासाठी करवत एकदाही थांबली नव्हती.

पाचरी ठोकून मी आणि बाळाने फाक उचकटली. हो, बाळाने. तो कुंपण ओलांडून कधी आत आला मला कळलंच नाही. फाक सुटली, आणि आत काळ्यानिळ्या लाकडात हा एवढा गलबताचा खिळा. चौकोनी, जाडजूड, कुठल्याशा तांडेलाच्या होडीला शोभेल असा. त्याच्या अंगाला बापसाच्या करवतीचा तुटका दात रुतून बसला होता. बाळाने तो नखाने काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाला, "धाकू, मी म्हनलो ते सोड."

परड्यातल्या झाडात गलबताचा खिळा कुठून आला? तेव्हा आई, तेलाचं फडकं मांडीवर घेऊन बसलेली आई, अगदी सहज म्हणाली, "त्यो माजा हाय."

सारखा फुलायचा पण फणस धरत नव्हता, म्हणाली. झाडाला लोखंड टोचलं की ते भितं आणि धरतं, असं तिच्या माहेरी करतात. मामा बंदरावर होड्या दुरुस्त करायचा, त्याच्याकडून खिळा आणला आणि बापूस शेतात गेलेला बघून वरवंट्याने ठोकला. पुढच्या वर्षी फणस लागले. बापसाने बुडाशी मासळीचं खत घातलं होतं, तो सगळ्यांना खताचं कौतुक सांगत सुटला. मग ही कशाला बोलते? "तुज्या बापसाला तेवडंच समादान व्हतं," म्हणाली. वरून साल चढली, खिळा बुडाला, तीही विसरली.

मी म्हटलं, "आये, आमी दोघं एवढं भांडलो, तेव्हा का नाय बोललीस?"

"तुमी हाताचं भांडत व्हतात. माज्या खिळ्याचं कोन बोललान?"

यावर तुला काय लिहायचं ते तूच लिही. कार्डावर लिहिलंस तरी चालेल, इथल्या लोकांना आता वाचायची उत्सुकता आहे. मला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की माझा राग जाईल. गेला नाही. आईवर रागावता येत नाही, खिळ्यावर रागावण्यात अर्थ नाही. म्हणून तो सगळाच्या सगळा तुझ्याकडे पाठवतो. खिळा तुझ्या वेळी अडवायला होता, हे खरं. पण न ऐकणारे कान तुझे होते.

धाकू


ज्येष्ठ शुद्ध पंचमी

दादास,

तुझी चिठ्ठी आणि बरोबरची अख्खी सुपारी शेवटच्या बोटीने आली. चिठ्ठीत नुसतं "काम उरकावे" एवढंच आहे. म्हणजे वैशाखातलं पत्र तुला पोचलं. पण काम उरकलं आहे.

उरलेल्या अंगांच्या फाका बाळाने आणि मी काढल्या. वहिनींनीच सांगितलं, माझा हात लागला, आता कोणाचाही चालेल. तुझी करवत जिथे पळाली तिथे लाकडाला वाकडी खोक पडली आहे. वाकसाने तासून ती गेली असती. मी तासली नाही. ते अंग खाली ठेवलं आहे, जेवायला बसलं की बरोबर डोळ्यांसमोर येतं.

काल तुळई चढवली. आंब्याचा डहाळा बांधला, नारळ बांधला. पूजेला कर्ता म्हणून थोरल्याने बसायचं, तर थोरला मुंबईत. भटजी म्हणाले, हरकत नाही, पत्नी बसू दे आणि शेजारच्या पाटावर यजमानांच्या नावाने सुपारी मांडा. मला वाटलं, घरात सुपारी शोधावी लागेल. तोच आईने तुझी पुडी पुढे केली. तेव्हा तू पाठवलेली सुपारी कामाला आली. पाटावर तूच होतास, अक्षता तुझ्यावरच पडल्या. ज्या सुपारीसाठी आम्हाला चार महिने रडवलंस, शेवटी तीच होऊन घरात आलास.

पूजा आटपल्यावर भटजींनी विचारलं, सुपारी विसर्जन करायची का? वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे हतंच. बोलायची नाय, मारायची नाय. बरी हाय." सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. नंतर मागच्या अंगणात भुशाच्या ढिगाजवळ उभ्या होत्या. मी गेलो तशा आत निघून गेल्या. तुझ्या नावाने त्या काही विचारत नाहीत आता. हे चांगलं की वाईट, तुझं तू ठरव.

आज पहाटेपासून पाऊस लागला आहे. आई नव्या तुळईखाली झोपली आहे, घोरते आहे. छप्पर हललं नाही.

बाळा आणि मी आता जोडीने जातो. कामं येतात. खिळा मी पहिले काही दिवस खिशात घालून फिरलो, लोक बघायला मागायचे. आता पडवीच्या खांबाला ठोकून टाकला, त्याला टोपी टांगतो. वर मी असतो, बाळा खाली. पण दिवाळीनंतर बाळा सासऱ्याच्या बागेवर जाणार आहे, तो उतरला की खालची जागा रिकामी होईल.

तुला बोलावत नाही. आई म्हणाली लिही, म्हणून लिहितो. आणि आई म्हणाली नसती तरी लिहिलं असतं, तेही खरं. आलास तर वरची जागा मिळायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. खाली उभं राहावं लागेल. डोळ्यांत जाईल, नाकात जाईल, दिवसभर रेघ दिसायची नाही.

भुसा काळा आला तर सांग. मी थांबेन.

धाकू